दिवे बंद केले होते

दाजींची जुनी गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी बसायची. पहिल्यांदा झालं तेव्हाच मी ताईला सांगून मोकळा झालो, दाजी दिवे चालू ठेवून विसरतात. चाळीस वर्षं गाड्यांची वायरिंग करतोय, माझा शब्द कोण खोडणार? तिसऱ्या वेळी ताईने किल्ली काढून घेतली. मग काय, दाजींचा चष्मा सापडेना तरी दोष डोक्याला. भाचीने डॉक्टरची वेळ घेतली, आणि गाडी विकायचं ठरलं.

गिऱ्हाइकापुढे शोभा नको म्हणून मी ती ढकलून चालू केली आणि गॅरेजवर आणली. दाजी स्टुलावर बसले. एरवी मला दहा सल्ले देणारा माणूस, आज नुसता खिसा चाचपत होता.

बॅटरीची एक वायर सोडवून मध्ये मीटर लावला. दिवे बंद, दारं बंद, तरी पाऊण अँपिअर करंट जात होता. म्हटलं, बघतोच कोण खातंय ते. एकेक फ्यूज उपटला. शेवटचा निघाला तरी काटा ढिम्म हलेना.

फ्यूजला न जुमानता थेट बॅटरीला जोडलेला उरला अल्टरनेटर, चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा. त्याची जाड वायर काढली आणि काटा शून्यावर पडला. कुंपणच शेत खात होतं.

तो अल्टरनेटर गेल्या वर्षी मीच उघडला होता. स्पेअर पार्टचं दुकान बंद होतं म्हणून आतले डायोड, करंट उलटा जाऊ न देणारे, भंगारातल्या गाडीचे बसवले, नंतर बदलू म्हणून. आणि साफ विसरलो. मी. मला लाज वाटली.

"दाजी, तुम्ही काही विसरत नव्हता," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

त्यांनी खिशातून छोटी वही काढून माझ्या हातात दिली. रोजची तारीख आणि पुढे एक ओळ: दिवे बंद केले. पुढच्या पानांवर: दिवे बंद केले, पुन्हा जाऊन पाहिले. शेवटच्या पानावर: बंद केले असं वाटतं.

"म्हणजे हे खरं होतं?" दाजींनी विचारलं.

"सगळं खरं होतं."

त्यांनी माझं पेन मागून घेतलं आणि 'असं वाटतं' तेवढं खोडलं. मी ताईला फोन लावला.