चौथ्या फेरीची खूण

रविवारी सकाळी बरोबर दहा वाजता दोनशे सतरा नंबरची स्पर्धक शेवटच्या कमानीखालून आत आली. कमानीवरचं घड्याळ तीन तास वीस मिनिटं दाखवत होतं. तिने गुडघ्यांवर हात टेकले, मान वर करून घड्याळ पुन्हा वाचलं. तिचा स्वतःचा अंदाज तीन तास बावीस मिनिटांचा होता.

शर्यत ट्रायथलॉनची होती. तलावात दीड किलोमीटर पोहायचं, मग चाळीस किलोमीटर सायकल, मग दहा किलोमीटर धावायचं; सगळं साडेतीन तासांत. त्यापुढे एक सेकंद झाला तरी यादीत नाव येत नाही. गेल्या वर्षी तिला चार मिनिटं जास्त लागली होती.

नवऱ्याने खांद्यावर टॉवेल टाकला. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो; बायकोच्या शर्यतीत मात्र त्याच्या वाट्याला पिशव्या सांभाळायचं काम येतं. "आलीस एकदाची वर," तो म्हणाला.

नऊ मिनिटांनी तिच्याच वयोगटातली दुसरी स्पर्धक आत आली. ही नगरपालिकेच्या तरणतलावावर जीवरक्षक आहे, आणि सगळे तिला मासोळी म्हणतात. दोन वर्षांपूर्वी हिनेच तिला लांब अंतर पोहायला शिकवलं होतं. "पाण्याशी भांडू नकोस, ते तुझ्या सासरचं नाही," हे तिचं पहिल्या दिवशीचं वाक्य. मासोळीने पाण्याची बाटली संपवली आणि तिच्याकडे वळली.

"तू मला ओलांडलंस कधी?" तिने विचारलं. "सायकलवर मी तुला मागे टाकलं ते पाहिलं मी. मग पुढे कशी गेलीस?"

ती म्हणाली, धावताना गेले असेन. मासोळी म्हणाली, असेल बाई, मला आज समोरचा रस्ताही दिसत नव्हता.



ती त्रेचाळीस वर्षांची आहे आणि एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवते. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे येतात, त्यांत ती प्लास्टर ओतते, साचा निघाला की मेणात दात बसवते. प्लास्टर घट्ट व्हायला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. बाकीचे कारागीर तेवढ्यात चहा पितात, फोन पाहतात. ती बूट घालून बाहेर पडायची आणि मागच्या गोदामांच्या रस्त्याने सहा किलोमीटर धावून यायची. तिचा सगळा सराव असाच, दोन कामांच्या फटीतला. पोहणं पहाटे पाचला, सायकल रविवारी.

पाठीराखा मिळाला तोही कवळीमुळे. गावात एक जुनी बेकरी आहे. तिच्या मालकांच्या आईला दोन वर्षं स्वतःच्याच बेकरीच्या पावाची कड चावता येत नव्हती. आधीच्या तीन कवळ्या डब्यात पडून होत्या. हिने चौथी बनवली, बोलताना होणारी खटखट थांबेपर्यंत चार वेळा घासून दिली. म्हातारीने कड चावली, आणि मालक कारागीर बघायला लॅबमध्ये आले. प्लास्टरच्या टेबलाखाली ओले बूट दिसले, म्हणून चौकशी झाली. जाताना ते म्हणाले, पुढच्या शर्यतीचा सगळा खर्च आमचा, आणि खायला जे लागेल ते आमच्या भट्टीतून.

त्यांना खजूर आणि ओट्सचा एक नवा बार बाजारात आणायचा होता. पहिला नमुना तिने चावून पाहिला आणि सांगितलं, "शेठ, ही तर माझ्या धंद्याची जाहिरात झाली. लोक हा खातील आणि सरळ माझ्याकडे येतील." पाचव्या नमुन्याला बार मऊ झाला. अंगातल्या बनियनवर पाठीमागे बेकरीचं नाव आलं, खाली ओळ: रोज सकाळी ताजे. नवऱ्याने ती वाचली आणि म्हणाला, ताजे ठीक आहे, पण त्रेचाळीसच्या माणसाच्या पाठीवर छापायला धाडस लागतं.

बार मोजून चार द्यायचे, ही कल्पना नवऱ्याची. सायकलच्या फेऱ्या चार, प्रत्येकी दहा किलोमीटरच्या. गेल्या वर्षी ती मोजणीत चुकली होती. चार फेऱ्या झाल्या तरी तीनच झाल्या असं वाटून पाचवीला लागली, दोन किलोमीटर पुढे गेल्यावर लक्षात आलं, परत फिरली. चार मिनिटं उशीर झाला तो तिथे. यंदा नवरा म्हणाला, डोक्याने मोजू नकोस, पोटाने मोज. पाठीच्या खिशात चार बार. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला एक खायचा. खिसा रिकामा झाला की ती फेरी शेवटची. सायकलचं मीटर तिने मुद्दामच काढून ठेवलं. सरावात ही युक्ती एकदाही चुकली नाही.

रविवारी दुपारी तीन वाजता निकालाची कच्ची यादी संकेतस्थळावर आली. चाळीस ते पन्नास वयोगट, महिला: दोनशे सतरा, दुसरा क्रमांक, वेळ तीन तास. मासोळी तिसरी. पहिल्या दोघींना पुढच्या वर्षीच्या मोठ्या शर्यतीत थेट प्रवेश होता. त्या शर्यतीचा नकाशा दोन वर्षं तिच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.

तीन तास कसे, हे आधी दोघांनाही कळेना. मग नवऱ्याच्या ध्यानात आलं की कमानीवरचं घड्याळ पुरुषांच्या सुरुवातीपासून चालू होतं. बायका वीस मिनिटं उशिरा पाण्यात उतरल्या होत्या. म्हणजे तीन वीसमधून वीस वजा. तो खूश झाला. ती यादीतल्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिली. पोहणं नेहमीचं. धावणं नेहमीचं. सायकल एक तास दहा मिनिटं. सरावात तिला याच अंतराला दीड तासाच्या आत कधी येता आलं नव्हतं.

"वारा असेल पाठीला," नवरा म्हणाला.

"जाताना पाठीला असला तर येताना छातीवर असतो."

त्यावर त्याने विषय बदलला.

सोमवारी अकरा वाजता बेकरीचे मालक लॅबमध्ये आले. हातात बारच्या वेष्टनाचा नमुना होता. त्यावर तिचा कमानीखालचा फोटो आणि खाली 'वयोगटात दुसरी'. बुधवारी छापायला द्यायचं होतं, तिने एकदा नजर टाकावी एवढंच. ती एका कवळीला पॉलिश करत होती; यंत्र बंद करून तिने नमुना हातात घेतला. मालक स्टुलावर बसले आणि गंमत म्हणून सांगू लागले. शर्यतीनंतर रस्त्यावरचे शंकू उचलणाऱ्या माणसाने शर्यतीच्या जागी मांडलेल्या बेकरीच्या टेबलावर एक बार आणून दिला होता. पहिल्या गतिरोधकाजवळ पडला होता, वरून चाकं गेलेली, पण कागद शाबूत.

"फुकटात जाहिरात झाली, ताई. रस्ताभर लोकांनी आमचं नाव वाचलं असेल."

तिने विचारलं, रविवारी बार आणखी कुणाला दिले होते का? मालक म्हणाले, छे, बाजारात यायचाय अजून. चारच बनवले होते, तुमचे.

तिने वेष्टनाचा नमुना टेबलावर पालथा ठेवला आणि सगळं सांगितलं. पहिला बार खाल्ल्यावर लगेच गतिरोधक लागतो. तिथे दुसरा पडला असणार. उरलेले दोन तिने दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीला खाल्ले, खिसा रिकामा झाला, आणि ती सायकल ठेवून धावायला लागली. फेऱ्या तीनच झाल्या.

मालकांनी हिशेब बोटांवर दोनदा करून पाहिला. मग म्हणाले की चूक कागदाची आहे. गुळगुळीत कागद त्यांनीच निवडला होता, साधा असता तर बार खिशातून सटकला नसता. तो बदलून टाकू. एवढं बोलून झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, झाकली मूठ आहे. पंचांनी विचारलेलं नाही, कुणाची तक्रार नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

ती म्हणाली, विचार करते. मालकांनी नमुना उचलला नाही, तिथेच ठेवून गेले.

संध्याकाळी नवरा घरी आल्यावर तिने त्याला विचारलं की सायकलच्या वळणावर तो उभा होता तेव्हा ती किती वेळा दिसली. तो बूट काढत होता. एक काढून झाला, दुसऱ्याची नाडी सोडायला त्याला बराच वेळ लागला.

"तीनदा," तो म्हणाला. "मध्ये चहाच्या रांगेत होतो. म्हटलं, एकदा तेव्हा गेली असशील."

"काल का नाही बोललास?"

"काल तू किती वर्षांनी अशी हसत होतीस."

दोघं स्वयंपाकघरात बसले. त्याने वेगळ्या वाटेने सुरुवात केली. चौथ्या फेरीला तेवीस मिनिटं धर. तीन तास तेवीस. चौथी मारली असतीस तरी साडेतीनच्या आत पोचली असतीस. मग यात खोटं ते काय?

"पोचले असते," ती म्हणाली. "पोचले नाही."

"युक्ती माझी होती."

"पाय माझे होते ना."

तो म्हणाला, कळवलंस तर नुसता दुसरा नंबर जाणार नाही, शर्यत पूर्ण केली हेही जाईल. दोन वर्षांत दोन शर्यती आणि नाव एकाही यादीत नाही. तिने ते आधीच गृहीत धरलं होतं. आक्षेपाची मुदत बुधवारी पाचपर्यंत आहे, एवढंच तिने सांगितलं, आणि उठून कुकर लावला.

मंगळवारी दुपारी एका ठशात प्लास्टर ओतून ती बाहेर पडली, पण धावायला गेली नाही. आयोजकांचं कार्यालय दोन रस्ते सोडून एका छापखान्याच्या वर आहे. निकालाचं काम पाहणारा माणूस पेट्यांमध्ये नंबरांचे पट्टे भरत होता. त्याने आक्षेपाचा अर्ज दिला. अर्जात 'आक्षेप घेणाऱ्याचा क्रमांक' आणि 'ज्याच्याविरुद्ध आक्षेप आहे त्याचा क्रमांक' असे दोन रकाने होते. तिने दोन्हीत दोनशे सतरा लिहिलं.

त्या माणसाने अर्ज वाचला आणि वरच्या रकान्यात चुकून स्वतःचा नंबर पडलाय का, असं विचारलं. ती म्हणाली, वरचा बरोबर आहे आणि खालचाही. आठ वर्षांत असा अर्ज पाहिला नाही, असं म्हणत त्याने कपाटातून वळणावरची नोंदवही काढली. फेऱ्या मोजणारी यंत्राची चटई त्या दिवशी पहिल्या तासातच बंद पडली होती. मग वळणावर बसलेल्या स्वयंसेवकाने हाताने खुणा केल्या होत्या. जो गेला त्याच्या नंबरापुढे एक रेघ.

दोनशे सतरापुढे चार रेघा होत्या.

तिने वही स्वतःकडे फिरवून पाहिली. पहिल्या तीन निळ्या. चौथीही निळीच, पण जरा आखूड आणि तिरपी, वरच्या ओळीतून घसरून आल्यासारखी. वरच्या ओळीत दोनशे सोळाचं नाव होतं. त्याच्यापुढे तीन रेघा होत्या आणि तरीही निकालात त्याची शर्यत पूर्ण दाखवली होती.

"आमच्या कागदावर तुमच्या चार आहेत, मॅडम," माणूस म्हणाला. "तुम्ही म्हणता तीन. आता मी कुणाचं खरं मानू?"

ती म्हणाली, माझं. तो म्हणाला, हे समितीला विचारावं लागेल. दोनशे सोळालाही विचारावं लागेल, आणि रेघा मारणारे गृहस्थ आज परगावी गेलेत. अर्जाची पोच मात्र त्याने शिक्का मारून दिली. ती लॅबमध्ये परतली तेव्हा प्लास्टर घट्ट होऊन गार झालं होतं.

बुधवारी पहाटे तरणतलावावर तिने मासोळीला गाठलं. मासोळी काठावर बसून दोरीच्या गाठी तपासत होती.  ऐकून झाल्यावर तिने एक गाठ सोडून पुन्हा बांधली.

"नक्की ना?" मग तिने विचारलं. "कारण ती जागा मला मिळाली तर मी परत देणार नाही. आधीच सांगते."

"मागणार नाही."

"आणि माझ्यावर उपकार केल्यासारखं तोंड करून फिरायचं नाही."

"नाही."

"मग उतर पाण्यात. डावा हात अजून आडवा पडतो तुझा."

सकाळी बेकरीच्या मालकांचा फोन आला. छापखान्याला थांबायला सांगितलंय, आठवडाभर तरी. 'वयोगटात दुसरी' काढून नुसता फोटो ठेवावा का, असं त्यांच्या मनात होतं. पण आईचं म्हणणं वेगळं पडलं. ते काय, हे त्यांनी सांगितलं नाही. शनिवारी बेकरीवर या, समोरासमोर बोलू, म्हणाले. पुढच्या वर्षीचं काय, हे त्यांनी काढलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

पाच वाजता मुदत संपली. पाच वाजून दहा मिनिटांनी नवऱ्याने एका इमारतीच्या सातव्या मजल्यावरून तिला फोन केला आणि यादी उघडायला सांगितली. तिने मेणाचे हात पुसले आणि फोनवर यादी उघडली. दोनशे सतराचं नाव होतं. वेळ तीच होती, तीन तास. क्रमांकाच्या रकान्यात आकड्याच्या जागी आडवी रेघ होती, पुढे कंसात 'निर्णय समितीकडे'. मासोळी तिसरीच होती, आणि दुसऱ्या क्रमांकावर कुणीही नव्हतं.