सीलबंद पेटी

ओपोले शहराच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत महागडी यंत्रं होती, तरी वासाची परीक्षा अजून नाकानेच व्हायची. नमुना साठ अंशांपर्यंत गरम करायचा, बूच काढायचं, हुंगायचं आणि वहीत आकडा लिहायचा. बोगुमिला बावीस वर्षं हे करत होती. गार पाणी लबाडी लपवतं, गरम पाण्याला ते जमत नाही, असं ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगायची.

एप्रिलमध्ये तिचा धाकटा भाऊ सेवेरिन एक चकचकीत पत्रक घेऊन आला. कागदाला कसलाच वास नव्हता, तरी तिचं नाक आपोआप आक्रसलं.

"हे बघ ताई. काचेची पेटी, आत सात रंगांचे दिवे, वर लाल रिबन. 'कम्युनियन संच'! कॉर्डियन आपल्याला आतल्या भावात देतोय."

कॉर्डियन म्हणजे सेवेरिनच्या बायकोचा, इलोनाचा भाऊ. स्टेशनामागे त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. सेवेरिनच्या मुलीचा, यागोदाचा तो बाप्तिस्म्यापासूनचा धर्मपिता आणि बोगुमिला तिची धर्ममाता. मेच्या दुसऱ्या रविवारी नऊ वर्षांच्या यागोदाचं पहिलं कम्युनियन होतं, चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र प्रसाद घ्यायचा दिवस, आणि त्या दिवशीची मोठी भेट धर्ममाता-धर्मपित्यांनीच द्यायची असते. आजीच्या काळी घड्याळ पुरायचं, सेवेरिनच्या वेळी सायकल. आता वर्गातल्या निम्म्या पोरांना कॉम्प्युटर मिळणार होता.

"पण ते ठरलंय ना?" बोगुमिला म्हणाली. "जानेवारीतच ठरलंय. यागोदा आणि मी मिळून कॉम्प्युटर जोडणार आहोत."

"पाहुण्यांसमोर काय देणार मग? स्क्रूची पुडी?"

"सुटे भाग देऊ. पुढच्या शनिवारी ती स्वतः जोडेल."

"लोक म्हणतील, आत्याने भंगारातून वेचून आणलं. ताई, तुला लोक माहीत नाहीत, तुला पाणी माहीत आहे."

तो हसला. बोगुमिला हसली नाही. तिच्या कपाटात, हिवाळी कोटांखाली, पाच खोके रचलेले होते. दर महिन्याच्या पगारातून एक-दोन करत तिने ते आणले होते: मदरबोर्ड, प्रोसेसर, चांगल्या प्रतीचा पॉवर सप्लाय, मेमरी, साधी काळी पेटी. फक्त ग्राफिक्स कार्ड राहिलं होतं. यागोदा बापाच्या जुन्या लॅपटॉपवर एका खेळात ओडर नदीवरचा पूल बांधायची. तीन कमानी झाल्या की लॅपटॉप गुदमरून बंद पडायचा. जानेवारीत अशीच ती रडत असताना बोगुमिलाने तिला शब्द दिला होता, "आपण दोघी मिळून नवा करू. एकेक स्क्रू तू लावायचास." तेव्हापासून यागोदाने खारीचं चित्र असलेल्या एका वहीत प्रत्येक भाग रंगवून ठेवला होता.

सेवेरिन गेल्यावर तिने पत्रक भिंग लावून वाचलं. 'शक्तिशाली प्रोसेसर' असं मोठ्या अक्षरांत होतं आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत त्याचा क्रमांक. तिने शोधला. तेरा वर्षांपूर्वी कचेऱ्यांतल्या टायपिंगसाठी काढलेला माल निघाला. ती फोन उचलणार, तोच तो वाजला. पलीकडे आई होती.

"सेवेरिनने सांगितलं मला सगळं. पोरीच्या कम्युनियनला तरी एक दिवस घरात शांतता राहू दे ग. कॉर्डियन इलोनाचा भाऊ आहे, लक्षात ठेव."

बोगुमिलाने पत्रकाची घडी घालून ते खणात टाकलं. पेटीसाठीची आपल्या वाट्याची रक्कम तिने दुसऱ्याच दिवशी सेवेरिनकडे पाठवली. पाठवताना बोटांना काहीतरी चिकट लागल्यासारखं वाटलं. तिने हात धुतले.

कम्युनियनच्या आधी मुलांना पहिल्यांदा पापांची कबुली द्यावी लागते. त्या आठवड्यात यागोदा तिच्याकडे आली. खारीच्या वहीच्या मागच्या पानावर तिने पापं क्रमवार लिहिली होती. सहा होती.

"आत्या, मोठ्या माणसाने दिलेला शब्द मोडला, तर ते पाप कुणाच्या यादीत लिहायचं?"

"ज्याने मोडला त्याच्या."

"मग माझी सहाच," यागोदा म्हणाली आणि वही मिटली. कपाटाकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

रविवारी सेवेरिनच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात चौदा माणसं कोंबून बसली. शेजाऱ्यांच्या खुर्च्या आल्या होत्या. कोंबडीचं सूप झालं, कटलेट झाले, शेपूतले बटाटे झाले. यागोदा पायघोळ पांढऱ्या झग्यात, डोक्यावर पांढऱ्या फुलांचा मुकुट, जेवताना बाह्या सावरत होती. हाच झगा घालून पुढचा आठवडाभर रोज संध्याकाळी चर्चला जायचं असतं, म्हणून इलोना दर दोन मिनिटांनी ओरडत होती, "डाग पाडू नकोस!"

केकच्या आधी पेटी आली. सेवेरिनने ती जत्रेत विकायला आणलेल्या बदकासारखी दोन्ही हातांनी तोलून धरली.

"वजन बघ, ताई! याला म्हणतात माल."

"उगाच नाही सांगत मी," कॉर्डियन म्हणाला. गोरा, गुबगुबीत माणूस, बोटात जाड अंगठी, समोर व्होडकाचा पेला. "हलक्या वस्तूला मी हातच लावत नाही."

बटण दाबलं. सात रंगांचे दिवे भिंतीवर फिरू लागले. टाळ्या पडल्या. आजीने, म्हणजे बोगुमिलाच्या आईने, डोळ्यांना रुमाल लावला. यागोदाने आपला पूल उघडला. चौथी कमान उभी राहिली, पाचवी राहिली. ती एकदा आत्याकडे बघून किंचित हसली, आणि बोगुमिलाला वाटलं, असू दे. पोर खूश आहे ना, मग असू दे.

पेटी बोगुमिलाच्या कोपराशीच ठेवली होती. सात-आठ मिनिटांनी पंख्याचा सूर चढला आणि मागच्या जाळीतून गरम वारा तिच्या हातावर यायला लागला. त्याबरोबर वास आला.

शिळ्या सिगरेटचा. ओल्या राखेचा, न धुतलेल्या पडद्यांचा, कधीच खिडकी न उघडलेल्या कचेरीचा. कुणीतरी अनोळखी माणसाने वर्षानुवर्षं या यंत्राच्या तोंडावर धूर सोडला होता, आणि आता गरम होऊन तो सगळा परत येत होता, पांढऱ्या टेबलक्लॉथवर, केकवर, पोरीच्या झग्यावर.

"कॉर्डियन," ती हळूच म्हणाली, "यातले भाग वापरलेले आहेत."

"मी आत्ताच बाल्कनीत ओढून आलो, बोगुमिलाताई. माझ्या कोटाला येत असेल वास."

"तुमच्या कोटाचा वेगळा आहे. तो आजचा आहे. हा फार जुना आहे."

"अहो, काय हे नाक! या पोलिसात का नाही गेल्या?" कॉर्डियन टेबलभर बघून हसला. दोघे-तिघे हसलेही.

एरवी बोगुमिला इथे थांबली असती. पण यागोदा आता पडद्याकडे बघत नव्हती. ती नाकाला बाही लावून आत्याकडे बघत होती.

बोगुमिलाने वायर उपटली. दिवे विझले. पेटीच्या पाठीवर रुपेरी सील होतं, त्यावर 'तोडल्यास हमी रद्द'. तिने फळं कापायची सुरी घेतली आणि सील मधोमध कापलं.

"ताई!" सेवेरिन उठला.

झाकण निघालं. काचेच्या बाजूला दिवे, आणि दिव्यांच्या मागे बडा घर, पोकळ वासा. करकरीत रिकाम्या पेटीच्या कोपऱ्यात बशीएवढा जुना हिरवा बोर्ड, आणि तळाला स्क्रूने आवळलेली हातभर लोखंडी पट्टी. तिला ना वायर होती, ना काही काम. ती फक्त वजनाला होती.

बोगुमिलाने कॉर्डियनचा पेला पुढे ओढला, पांढऱ्या नॅपकिनचं टोक व्होडकात बुडवलं आणि पंख्याच्या एका पात्यावरून एकदाच फिरवलं. मग नॅपकिन उलगडून केकशेजारी ठेवला.

कडक चहाच्या रंगाचा, तेलकट, कडेला पिवळा होत गेलेला डाग होता. पंख्याखालच्या पट्ट्यांत धुळीची राखाडी गादी बसली होती. त्यात कुणाचा तरी एक पांढरा केस होता आणि झुरळाची एक तंगडी. पुढे वाकलेली इलोना झटकन मागे झाली. आजीने केकची थाळी उचलून दुसऱ्या टोकाला नेली.

"प्रोसेसर काय पाव आहे शिळा व्हायला?" कॉर्डियन म्हणाला. आवाज जराही चढला नव्हता. "पेटी नवी आहे, काच नवी आहे, दिवे नवे आहेत. सगळे भाग नवे, असं पत्रकात कुठे लिहिलंय? दाखवा. आणि या मे महिन्यात चाळीस पेट्या गेल्या माझ्या. एकाही घरात कुणी हुंगून बघितलं नाही."

"चाळीस," बोगुमिला म्हणाली.

तेवढ्यात त्याची नजर कापलेल्या सीलवर गेली आणि त्याच्या गुबगुबीत चेहऱ्यावर चक्क सुटकेचा आनंद पसरला. तिच्या दृष्टीने त्या दिवसातली सगळ्यात घाण गोष्ट ती होती. झुरळाची तंगडी परवडली.

"सील तोडलंत ना पण," तो मायेने म्हणाला. "आता मला परत घेता येत नाही हो. नियम आहे."

"कायद्यात असल्या सीलला काडीची किंमत नाही."

"मग जा कोर्टात. पोरीच्या कम्युनियनचा खटला! पेपरात फोटो येईल." त्याने आपला पेला उचलला, आत बघितलं, आणि तो न पिता ठेवून दिला.

सेवेरिन बहिणीकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते. "आजच? चौदा माणसांसमोर? उद्या मला एकट्याला सांगता आलं नसतं?"

बोगुमिलाच्या आधी यागोदाच बोलली. "आत्या, तुला आधी माहीत होतं?"

प्रयोगशाळेत कधी आकडा चुकला, तर बोगुमिला तो खोडायची नाही. त्यावर एक रेघ मारून शेजारी खरा लिहायची.

"वासाचं नव्हतं. प्रोसेसर जुना आहे, हे माहीत होतं. एप्रिलपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"भांडण नको म्हणून."

यागोदाने नॅपकिनवरच्या डागाकडे बघितलं, मग मामाकडे, मग बापाकडे.

"पण भांडण तर झालंच," ती म्हणाली.

बोगुमिला कोट घेऊन निघाली. जिन्यात तिने बोटं हुंगली. वास होता. घरी तिने साबणाने धुतली, मग लिंबाने, मग प्रयोगशाळेतून आणलेल्या स्पिरिटने. तरी झोपताना उशीवर तोच वास येत राहिला, आणि तो कॉर्डियनच्या पेटीचा नसून आपलाच आहे, असं तिच्या मनाने घेतलं. कॉर्डियन निदान विकत तरी होता. तिने तर सगळं वाचून, समजून, आपला वाटा भरून ती घाण पोरीच्या खोलीत पाठवली होती.

सोमवारपासून रोज संध्याकाळी ती चर्चच्या फाटकाशी उभी राहिली. पांढऱ्या झग्यांची रांग बाहेर यायची. यागोदा तिच्यासमोरून जायची, बदकाच्या पिलासारखी सरळ पुढे बघत. गुरुवारी मात्र तिने झग्यावरचा एक थेंबभर डाग मुद्दाम आत्याच्या बाजूला धरला. कसला होता, ते सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात यागोदा होती, साध्या कपड्यांत, काखेत खारीची वही.

"पप्पा खाली गाडीत आहेत. दोन तासांनी नेतील. वर येणार नाहीत."

"बरं."

"मामाने पैसे नाही दिले. रिबन परत मागितली. पेटी बाल्कनीत ठेवलीय, आजी म्हणते घरात वास मारतो." एका दमात बातम्या संपवून ती आत आली आणि कपाटासमोर उभी राहिली. "अजून आहेत?"

बोगुमिलाने कोट बाजूला सारले. पाच खोके होते तसेच होते. यागोदाने ते एकेक करून टेबलावर नेले, वहीतल्या चित्रांशी ताडून पाहिले आणि मग म्हणाली, "मी जोडणार. तू नुसतं वाचून दाखवायचं. हात लावायचा नाही."

"नाही लावत."

"हात धू आधी."

"धुतलेत."

"परत धू. दाखव." तिने आत्याची बोटं नाकाशी धरली, बराच वेळ, तज्ज्ञासारखी. "चालेल."

बोगुमिला पुस्तिका घेऊन खिडकीशी बसली. "आधी रेडिएटरच्या लोखंडाला हात लाव. अंगातली वीज उतरते. हां. आता प्रोसेसर. कडेने धर, खालच्या बाजूला बोट लावू नकोस. कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण आहे, तसाच बोर्डवर आहे. दोन्ही एका बाजूला आले पाहिजेत."

यागोदा ओठ चावत शोधत होती. मध्येच तिने वही उलटवली. "ग्राफिक्स कार्डाचं पान कोरंच आहे."

"जूनमध्ये आणते. तोवर पूल थोडा अडखळत उभा राहील. शब्द दे…"

"शब्द नको देऊस," यागोदा म्हणाली. "आण."

त्रिकोण जुळले. प्रोसेसर आपल्या जागी अलगद बसला. आता तो दाबून धरणारी दांडी खाली करायची होती, आणि ती करताना करकर असा आवाज होतो, सगळं मोडतंय असा. बोगुमिलाला ते माहीत होतं. दांडीने पहिला आवाज केला आणि तिचा हात नकळत पुढे झाला.

"हात मागे, आत्या," यागोदा म्हणाली, आणि डोळे घट्ट मिटून तिने दांडी पूर्ण दाबली.