पाळण्याखालचं लोखंड

मित्रांनो, मी एक जुना साखळीपाळणा आहे. जत्रेत उंच खांबावर छत्रीसारखं चाक फिरतं, त्याच्या कडेला साखळ्यांनी खुर्च्या टांगलेल्या असतात आणि त्यांत बसून चांगली शहाणी माणसं हौसेनं घाबरून घेतात, तो मी. जुना आहे हे मी आपणहून सांगतो. माझ्या कमानीवर मात्र 'न्यू गॅलेक्सी' लिहिलेलं आहे. त्याला माझा इलाज नाही.

सोलापुरातली एक कापडगिरणी बंद पडली, तेव्हा माझा जन्म झाला. खाजाभाई त्या गिरणीत फिटर होते. नोकरी गेल्यावर बाकीचे कामगार आपापले डबे घेऊन घरी गेले. खाजाभाई भंगारात निघालेला गिरणीचा शाफ्ट घेऊन घरी गेले. पुढच्या आठ महिन्यांत त्याचा खांब झाला, खांबावर चाक चढलं, चाकाला चोवीस खुर्च्या लागल्या. पहिल्या फेरीला त्यांनी आपल्या बायकोला, नूरबींना बसवलं. काही झालंच तर घरातल्या घरात राहील, असं त्यांचं म्हणणं होतं. नूरबींनी ते अजून विसरलेलं नाही.

माझी खरी मदार मात्र खाली आहे. माझे पाय म्हणजे जमिनीवर फुलीसारखे आडवे टाकलेले चार लोखंडी बार. त्या प्रत्येक पायावर खाजाभाई जुन्या मागांचे बिडाचे चार-चार तुकडे ठेवायचे. बीड म्हणजे ओतीव लोखंड. एक तुकडा उचलायला चार माणसं लागतात आणि त्यांतलं एक नंतर दोन दिवस कामावर येत नाही. असे सोळा तुकडे. त्यांच्यावर फळ्या, फळ्यांवर लाल जाजम. वर जेवढा मी दिसतो, त्याच्या दुप्पट वजन जाजमाखाली असायचं.

मग मी फिरू लागलो. गड्ड्याची जत्रा, अकलूजचा बाजार, दुधनीकडचे उरूस. लोकांनी माझी उंची वाखाणली, रंग वाखाणला, एका वर्षी तर भोंग्याचासुद्धा सत्कार झाला. तेवीस वर्षांत एकाही माणसाने जाजमाचा कोपरा उचलून 'वा, काय बीड आहे!' असं म्हटल्याचं मला आठवत नाही. मी तक्रार करत नाही. थकलेल्या यंत्राला तक्रारीपेक्षा ग्रीस बरं वाटतं.

पुढे खाजाभाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि कारभार त्यांच्या मुलाकडे, शाकीरकडे आला. शाकीर वाईट नाही, हे आधीच सांगतो. तो बारावीपर्यंत शिकला, कष्टाळू आहे, आईला दवाखान्यात स्वतः नेतो. फक्त जे दिसतं तेच असतं, अशी त्याची समजूत आहे. त्याने माझ्यासाठी दिव्यांची कमान आणली, तिच्यावर ते नवं नाव घातलं. गेल्या डिसेंबरात चिंचोळी एमआयडीसीच्या रस्त्याला एका माळावर आनंदमेळा लागला, तेव्हा टेम्पोची एकच खेप मिळाली. त्या खेपेत एक तर कमान मावत होती, नाही तर बीड. शाकीरने कमान नेली.

फळ्या मधोमध वाकू नयेत म्हणून त्याने खाली कमानीच्या दिव्यांचीच पुठ्ठ्याची रिकामी खोकी भरली आणि जाजम नीट ताणून अंथरलं. खाजाभाई खुर्ची टाकून बाजूला बसले होते. त्यांना फक्त लाल रंग दिसला. परवाना देणारे साहेब आले. त्यांनी वाळूच्या बादल्या पाहिल्या, प्रथमोपचाराची पेटी उघडून बंद केली आणि कमानीसमोर उभे राहून फोटो काढून घेतला. त्यांच्या कागदावर जाजमाखाली काय आहे असा रकाना नव्हता. रकाना नसेल तर साहेबांनी तरी काय करावं?

आता ऐका. त्या रस्त्याने रोज बसने जाणाऱ्या एका शिक्षिकेने माझं नाव वाचलं. वैजयंती मॅडम जवळच्याच हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतात. गॅलेक्सी म्हणजे आकाशगंगा, असं कमानीखालून जाणाऱ्या हजारो लोकांपैकी त्यांना एकट्यांनाच वाटलं असावं. नववीचा वर्ग घेऊन त्या एका दुपारी आल्या. त्या वर्गात शाकीरची मुलगी आयतही होती.

मॅडमनी मुलांना माझ्यासमोर उभं केलं आणि विचारलं, शनी सूर्याभोवती सावकाश का फिरतो? लांब आहे म्हणून, मुलं म्हणाली. बरोबर. जितकं लांब, तितकी ओढ कमी, तितका वेग कमी. मग आकाशगंगेच्या अगदी कडेचे तारे सावकाशच फिरायला हवेत. पण ते तसे फिरत नाहीत. ते आतल्या ताऱ्यांइतक्याच वेगाने पळतात. एवढ्या वेगाने खरं तर ते भिरकावले जायला हवेत, पण जातही नाहीत.

"ह्या खुर्च्यांना निदान साखळ्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "ताऱ्यांना कुणी धरलंय?"

मुलं माझ्या साखळ्यांकडे बघू लागली. इतकी वर्षं फिरून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

मग त्यांनी सांगितलं की तिथे काहीतरी आहे. त्याला वजन आहे, पण ते दिसत नाही. आपण बघतो ते सगळे तारे, धूळ, वायू, ग्रह, सोलापूर धरून, एकत्र केलं तरी त्याच्या पाचपट ते विश्वात आहे. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. एका पोराने ते काळं असतं का असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, काळं असतं तर सावली तरी पडली असती. त्यातून उजेड आरपार जातो, नाव देताना घाई झाली एवढंच. ते पकडायला माणसांनी खाणींच्या पोटात यंत्रं लावून ठेवली आहेत, अजून सापडलेलं नाही. काहींना तर वाटतं की असं काही नाहीच, ओढीचा नियमच दुरुस्त करायला हवा. पण बहुतेकांचं मत ते आहे असंच.

"दिसत नाही, तर कळलं कसं?" आयतने विचारलं.

"जे दिसतं त्याची चाल बघून. चाल हिशेबात बसली नाही, की समजायचं, न दिसणारं काहीतरी आपण धरलेलं नाही."

मला ते पटलं. एवढं सोपं बोलणारं माणूस जत्रेत सहसा येत नाही.

पहिल्या खेपेला अकरा मुली बसल्या. मैत्रिणींना मैत्रिणींशेजारीच बसायचं होतं, म्हणून सगळा भार एका अंगाला आला. शाकीरने आयतला कौतुकाने त्यांतल्याच एका खुर्चीत स्वतः बसवलं, साखळी लावली आणि मोटार सुरू केली. मॅडम खालीच थांबल्या. बाकीच्यांची दप्तरं कुणीतरी सांभाळायची होती, शिवाय त्यांना माझ्या एका फेरीचा वेळ मोजायचा होता.

चौथ्या फेरीला माझा मागचा पाय जमिनीवरून उचलला गेला. किती? बोटभर. खाली टेकला, पुन्हा उचलला. तेवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. खोकी चुरगळल्याचं मला कळत होतं, पण मित्रांनो, आम्हांला बोलता येत नाही. आम्ही फक्त करकरतो, आणि जुन्या वस्तूचं करकरणं कुणी मनावर घेत नाही.

मॅडमचं घड्याळाकडे लक्ष होतं. मग ते कुंपणाच्या बांबूकडे गेलं. आयतची खुर्ची दर फेरीला बांबूजवळून जात होती, आणि दर फेरीला वीतभर जास्त जवळून. मॅडमनी दप्तरं खाली टाकली. त्या शाकीरला म्हणाल्या, पाळणा थांबवा.

शाकीर हसला. "मॅडम, परवाना हाय. तितं लटकवलाय बगा. आकाशातलं तुमी सांगा, पाळन्याचं माज्याकडं ऱ्हाऊ द्या की."

त्या त्याच्याशी बोलतच बसल्या नाहीत. सरळ खाजाभाईंसमोर गेल्या आणि विचारलं, ह्याच्या पायांवर वजन किती आहे?

"सोळा तुकडे बीड हाय," खाजाभाई म्हणाले. "का?"

"हा ज्या चालीनं डुलतोय, त्यावरनं खाली काहीच नाही असं वाटतंय."

खाजाभाई उठले. त्यांना दोन हातांपलीकडचं दिसत नाही, पण खांबापर्यंतची वाट त्यांना डोळ्यांशिवाय ठाऊक आहे. त्यांनी तळहात माझ्या अंगावर ठेवला. माझी एक फेरी पुरी झाली.

"शाकीर, बीड कुटं हाय?"

शाकीरने जाजमाकडे पाहिलं. तिकिटं देत बसलेल्या नूरबी उठून आल्या, त्यांनी जाजम उचललं, फळी सरकवली आणि खालचा चेपलेला पुठ्ठा ओढून बाहेर काढला. त्याच्यावर दिव्याचं चित्र होतं.

शाकीरचा हात ब्रेककडे गेला. आतापर्यंत त्याला कमान दिसत होती, आता मुलगी दिसली असावी.

"ब्रेकला हात लावू नको," खाजाभाई म्हणाले. ते ओरडले नाहीत. "झटका बसला तर पोरींसकट आडवा व्हईल. मोटार बंद कर अन् उगं ऱ्हा."

मोटार बंद झाली. मी आपसूक थांबायला नऊ फेऱ्या घेतो. त्या नऊ फेऱ्या माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत लांब. मॅडम, नूरबी आणि खालची अकरा मुलं उचलल्या जाणाऱ्या पायावर जाऊन उभी राहिली. तेवढंच वजन हाताशी होतं. शाकीर त्यांच्या पुढे, बारवर चक्क आडवा पडला होता. वर मुली हसत होत्या, हात हलवत होत्या. त्यांना वाटलं, सगळे आपल्यालाच बघायला जमलेत. सहाव्या फेरीला आयतचा बूट बांबूला घासला. सातवीला थोडं अंतर सुटलं. नववी फेरी मी कशी संपवली ते मला विचारू नका.

आयत उतरली आणि म्हणाली, अब्बा, तुम्ही खाली का झोपलात? शाकीरने पडल्यापडल्याच तिचा घासलेला बूट हाताने चाचपून पाहिला.

दुसऱ्या दिवशी टेम्पोने बीड आलं. तिघांना हाताशी घेऊन सोळाही तुकडे शाकीरने स्वतः लावले, आणि नंतर दोन दिवस कामावर न येणारा माणूस ह्या वेळी तोच होता. साहेबही पुन्हा येऊन गेले. त्यांनी शेरा लिहिला : रोषणाई समाधानकारक.

चार दिवसांनी मॅडम राहिलेल्या अकराजणांना घेऊन आल्या. आयत ह्या वेळी बसली नाही. ती खांबाजवळ आजोबांशेजारी उभी होती.

"मॅडम, आकाशगंगेचं बीड कुणी ठेवलंय?"

"ते अजून कुणालाच माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि बाळा, तिथलं बीड हे असं खाली ठेवलेलं नसतं, सगळीकडे पसरलेलं असतं. आपल्या पाळण्यासारखंच सगळं नसतं."

"ठेवनारा कोन बी असू दे," खाजाभाई खांबावरचा हात न काढता म्हणाले. "ते हलवायला आमच्या शाकीरला तेवडं पाटवू नका."

मशीनजवळ शाकीर मान खाली घालून हसला. मग उठून त्याने जाजमाचा कोपरा उचलला, खाली वाकून पाहिलं आणि मोटार सुरू केली. आता तो मोटार सुरू करण्याआधी दर वेळी हे करतो.

मित्रांनो, मी दमलो आहे. अजून दोन-चार जत्रा निघतील, फार नाही. तुमच्याकडून मला हार नको, नवा रंग नको. जिथे जाल तिथे एवढंच करा : बसण्याआधी वाका, जाजम उचला आणि खाली काय आहे ते बघून घ्या. आणि जिथे उचलायला जाजमच नसेल, तिथे चाल बघत राहा.