फळ्यावर एकच पट्टी

ऑपरेशन संपल्यावर फकीरप्पाच्या नाकातली श्वासाची नळी विनुताने ओढून काढली आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या काळजात चर्र झालं. त्याची छाती हलत होती, पण श्वास काही आत जात नव्हता.

होरीच्या सणात, पळते बैल धरायच्या खेळात, बैलाने लाथ घालून त्याचा जबडा मोडला होता. सर्जन मठद सरांनी दोन तास खपून तो जोडला, वरचे-खालचे दात तारेने घट्ट बांधले. काम देखणं झालं होतं, पण त्या तोंडात आता करंगळीसुद्धा शिरत नव्हती.

विनुता भूलतज्ज्ञ. तिने मास्क लावून पिशवी दाबली. पिशवी दबेचना. मॉनिटरवर ऑक्सिजन नव्वद, मग ऐंशी. ओठ निळे पडायला लागले.

"सर, तार तोडा!"

"अहो मॅडम, आत्ता तर बांधली! घशातली पट्टी काढलीय ना तुम्ही?"

सगळ्यांनी फळ्याकडे पाहिलं. रक्त खाली उतरू नये म्हणून घशात कापडाची पट्टी कोंबतात, फळ्यावर लिहितात, काढली की खोडतात. 'पट्टी एक' आणि त्यावर विनुताच्याच हातची काट.

"सर, मधे रक्त सुटलं तेव्हा तुम्ही आणखी एक घातलीत?"

मठदांचा चेहरा खर्रकन उतरला. "घातली... सिस्टरला सांगितलं होतं बहुतेक."

"मला कुठं सांगितलंत, सर?" रेणव्वा सिस्टर रडकुंडीला आली.

घ्या! भरवशाच्या म्हशीला टोणगा. फळ्याचा भरवसा धरून सगळे निवांत होते.

"तोडा म्हणते ना!" विनुता किंचाळली. मठदांपुढे तिने आजवर आवाज चढवला नव्हता. पक्कड आली. एक तार तुटली, दुसरी तुटली. मॉनिटरवर बावन्न. विनुताची पाचावर धारण बसली होती, तरी तिने चिमटा थेट घशात घातला. रक्ताने थबथबलेली वीतभर पट्टी बाहेर आली आणि फकीरप्पा खोकला. असा घाणेरडा खोकला तिला जन्मात कधी इतका गोड लागला नव्हता.

बाहेर त्याची आई गौरव्वा पाया पडायला वाकली. विनुता झटकन मागे सरली.

"नको अव्वा. घशात दोन पट्ट्या होत्या, आम्ही एकच मोजली. पोरगा जाता जाता राहिला."

गौरव्वा मटकन खाली बसली.

"जबडा परत बांधणार?"

"बांधावाच लागेल."

"मग मला आत घ्या," ती म्हणाली. "शाळेत नाही गेले मी, पण दोनपर्यंत मोजता येतं मला."