न पाहता दिलेला बयाना

शाहपुरच्या पट्ट्यात केळीची बाग घ्यायला नीलेशइतका चिकट माणूस दुसरा नसेल. घड हाताने तोलून पाहणार, फण्या मोजणार, बागेच्या पार टोकाला जाऊन शेवटचं झाड बघून येणार आणि मगच बयान्याला खिशात हात घालणार. असा हा शहाणा व्यापारी गेल्या एप्रिलमध्ये दोन मिनिटांचा व्हिडिओ पाहून एका गेमचे पूर्ण पैसे आगाऊ भरून बसला. गेम यायला तेव्हा सहा महिने अवकाश होता.

वडिलांना, म्हणजे अनंतरावांना, हे जेवताना कळलं आणि त्यांचा घास हातातच राहिला.

"बाग पाह्यली नाही, घड पाह्यला नाही, अन् पूर्ण पैसे देऊन आला? तुले व्यापारी कोनी केलं रे?"

खरं कारण सांगायची नीलेशला लाज वाटत होती. ते कारण समोरच बसून पोळी खात होतं. धाकटी बहीण रंजिता.

लहानपणी राजपुऱ्यातल्या एका सायबर कॅफेत दोघं एका खुर्चीवर अर्धं अर्धं बसून या गेमचा पहिला भाग खेळायची. पैसे एकाच कंप्युटरपुरते असत, म्हणून कीबोर्डची डावी बाजू तिची आणि माऊस त्याचा. ती माणसाला चालवायची, हा तलवार फिरवायचा. बारा वर्षांनी दुसरा भाग येणार होता आणि त्यात दोघांना शेजारी बसून, आपापला खेळाडू घेऊन खेळता येणार होतं. रंजिताचं लग्न डिसेंबरात ठरलेलं. ती जायच्या आधी एकदा तिच्यासोबत हा गेम खेळायचा, एवढंच नीलेशच्या मनात होतं.

ऑक्टोबर आला आणि कंपनीचा मेल आला, गेम डिसेंबरात येईल. डिसेंबरात ऐन हळदीच्या दिवशी दुसरा मेल, आता फेब्रुवारी. खाली लिहिलेलं, 'तुमच्या संयमाबद्दल आभार.' नीलेशने मांडवात उभं राहून ते वाचलं. संयम कुठला? अंगाचा नुसता तिळपापड होत होता. चार दिवसांनी रंजिता पुण्याला सासरी गेली.

फेब्रुवारीत एकदाचा गेम आला. नीलेशने मेहुण्यांना तीनदा फोन करून रंजिताला चार दिवस माहेरी आणवलं. कंप्युटर टीव्हीला जोडला, दोन नवे कंट्रोलर आणले. आईने गोड दराब्याची वाटी आणून ठेवली. रंजिता मांडी घालून शेजारी बसली आणि गेम सुरू झाला. दोन खेळाडूंच्या पर्यायावर कुलपाचं चित्र होतं. खाली तीन शब्द, 'लवकरच येत आहे.'

नीलेशचं डोकं फिरलं ते फिरलंच. पहिल्या दिवशी त्याने कंपनीला मेलवर मेल पाठवले. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मदतीच्या चॅटवर जाऊन भांडला. तिकडे माणूस नव्हताच. 'मी तुमची अडचण समजू शकतो,' असं एक यंत्र दर दोन मिनिटांनी म्हणत होतं, आणि याला तिथं शिव्या देऊनही समाधान मिळेना.

रंजिता यायची, पलंगाच्या कडेवर बसायची.

"भैया, छोड ना यार. इच्छापुरला देवीले जाऊन येऊ?"

"थांब ना. जवाब देऊन राह्यले ते."

तिसऱ्या दिवशी ती आईबरोबर इच्छापुरला जाऊन आली. नीलेश घरीच होता, तक्रार लिहीत.

चौथ्या दिवशी दुपारी त्याने पैसे परत मागण्याचा अर्ज भरला. फोटो, पावती, तारखा, सगळं जोडलं आणि पाठवून दिलं. वळून पाहिलं तर रंजिता प्रवासाची साडी नेसून, बॅग पायाशी ठेवून बसली होती. गाडीला दीड तास होता.

"भैया, तू पैसे कायले भरले होते?"

"तुह्यासोबत खेळायले."

"मंग? चार दिवस मी इथंच तं होती."

आपला आपल्यालाच इतका राग नीलेशला कधी आला नव्हता. रंजिताने कंट्रोलर बाजूला सारले, कीबोर्ड ओढला आणि त्याच्या डाव्या बाजूवर बोटं ठेवली. मनगटातल्या हिरव्या बांगड्या तिने कोपराकडे सरकवल्या.

"चाल, माऊस धर."

पहिल्याच नदीत त्यांचा माणूस बुडाला. दुसऱ्यांदाही बुडाला. "तू चालवून राह्यली का ढकलून राह्यली?" म्हणून नीलेश ओरडला आणि ती पोट धरून हसली. तिसऱ्या वेळी मात्र माणूस पार झाला, काठावर उभ्या दोघा राक्षसांना नीलेशने लोळवलं, आणि पुढचा पूल दिसायला लागला. रंजिता पुढे वाकली. तिची जीभ दातात आली होती, लहानपणी यायची तशीच.

तेवढ्यात पडदा काळा झाला.

'पैसे परत करण्याची आपली विनंती मान्य झाली आहे. हा गेम आपल्या खात्यातून काढण्यात आला आहे. तुमच्या संयमाबद्दल आभार.'

रंजिताची बोटं अजून कीबोर्डवरच होती. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. अनंतराव बॅग न्यायला आत आले आणि टीव्हीवरची अक्षरं वाचून खूश झाले.

"आले का रे पैसे परत?"

"आले," नीलेश म्हणाला.