चकतीमागची वीतभर जागा

उसाच्या चिपाडाच्या चकतीनं सोमवारी शाळेची घंटा गिळली, ती पुन्हा वाजलीच नाही. शिपाई बाबूकाका टोल हाणायचे, पितळ थरथरायचं, पण आवाज नाही. मग पोरं घंटेकडे बघून वर्गात जाऊ लागली. कुणी तक्रार केली नाही.

दहावीतली गौतमी तर जाम खूश. चकती तिची होती ना! टाकाऊ चिपाडापासून भिंतींना लावायचं, आवाज शोषणारं सामान बनवायचं आणि आधी तळहाताएवढा नमुना तपासायचा, हा तिचा प्रकल्प. पाइपच्या एका टोकाला भोंगा, दुसऱ्या टोकाला चकती. कडेनं कणीक लिंपायची, म्हणजे आवाज फटीतून निसटत नाही. जेवढा आवाज परत येईल तेवढा नमुना कच्चा. काथ्याची चकती निम्मा आवाज परत द्यायची, भाताच्या तुसाची त्याहून जास्त. ही काहीच देईना.

"शंभर टक्के!" खराडे सरांनी वहीत लिहिलं. "जिल्ह्यात पहिली येणार तू."

गौतमीला दुसरंच हवं होतं. या चकतीची, चिपाड चिकटवायची खळ ताईनं शिजवली होती. ढवळता ढवळता अख्खी दुपार ताईची बडबड चाललेली, आणि गौतमीनं ओली चकती नेमकी तिच्या तोंडासमोर वाळत ठेवली. चुकलंच ते. आठवड्यानं ताई जर्मनीला गेली, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला. तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर तिचे ओठ हलतात, आवाज येत नाही. आई आपली "हो गं, जेवलीस ना?" म्हणत राहते. तिकडचे म्हातारेही तिच्या ओठांकडे बघूनच गोळ्या घेतात.

"सर, चकती फोडूया."

"फोडलीस की मोजमाप रद्द."

पाइप रोज लांबत होता. मंगळवारी टेबलाबाहेर गेला, बुधवारी खिडकीतून मैदानात, गुरुवारी कुंपणापलीकडे उसात. पार टोकाला चकती आणि तिच्यामागे वीतभर मोकळी जागा. गिळलेलं सगळं तिथंच साठणार, दुसरीकडे जाईल कुठं?

शुक्रवारी गौतमीनं भोंगा काढला आणि पाइपच्या तोंडाला खांदा लावून पाहिला. बरोब्बर बसला.

"आगं बाई," शेजारच्या बाकावरची तबस्सुम म्हणाली, "कालपर्यंत दारात मावत नव्हतीस!"

"जळ तू."

"वेणी आत घे, अडकेल. आणि ताईला सांग, माझी निळी ओढणी तिच्याकडंच राहिलीय."

गौतमी सरपटत निघाली. आत खळीचा आंबूस वास होता. तिनं शीळ घातली. शीळ पुढे गेली, परत आली नाही. पाइप अरुंद होत गेला की ती रुंद, तिला कळेना. शेवटी नाक चकतीला टेकलं. चकती कोमट होती, नुकतीच चुलीवरून उतरवल्यासारखी.

"ताई?" ती म्हणाली.

हाक आत गेली. दुसऱ्यांदा मारायला तोंड उघडलं, तर तो शब्दच तिच्याकडे उरला नव्हता. तिनं जिभेनं सगळं तोंड चाचपून पाहिलं.

चकतीपलीकडे पळी पातेल्याला खरवडली. मग, बोलायच्या आधी घेतात ना, तसा कुणीतरी श्वास घेतला.

गौतमीनं श्वास रोखला. मागे, तिच्या टाचांभोवती, खराडे सरांनी गार कणीक लिंपायला घेतली.