कोंबड्याच्या कागदावर

या, जरा जवळ सरका. उन्हात कशाला बसता? इथं पेकनच्या झाडाच्या सावलीत ऐसपैस जागा आहे. देवाचं नाव घेतो आणि एका माणसाची गोष्ट सांगतो. तो संत नव्हता, पुढारी तर नव्हताच. आमच्या अलाबामाच्या लाल मातीत विहिरी खणायचा, आणि रविवारी चर्चच्या पहिल्या बाकावर बसून पाद्रीबाबांच्या प्रवचनाला सूर द्यायचा. एमस टॉलिव्हर त्याचं नाव; चर्चचा डीकन, म्हणजे कारभारी पंच. प्रवचन गाण्यात शिरलं की "हो प्रभू!" अशी त्याची हाक उठायची आणि अख्ख्या चर्चच्या अंगावर काटा यायचा.

"अहो, तो कोट कुठं निघाला?" चुलीपुढून मान वळवून त्याच्या बायकोनं, ल्यूटी मेनं विचारलं.

"हवा दाखवतोय त्याला."

"मे महिन्यात लोकरी कोट? आणि हवा दाखवायला तो अंगात घालावा लागतो वाटतं?"

 वाडग्यातल्या मक्याच्या कण्या एमस खिडकीशी उभ्यानंच खात होता.

"बसून खा की. बैलासारखं उभ्यानं काय खाताय?"

"बसवत नाही गं."

खरंच बसवत नव्हतं. गेल्या रविवारपासून हे असं चाललं होतं. पाद्री प्युरिफॉय बायबलातली नदी ओलांडणाऱ्या लोकांची कथा गात होते. पाऊल आधी भिजतं आणि मग पाणी दुभंगतं, हे ते घोळवून घोळवून सांगत होते, सूर चढवत होते, आणि पहिल्या बाकावरून हाक आली नाही. पाद्रीबाबा क्षणभर अडखळले. डीकन टॉलिव्हरचं तोंड मिटलेलं बघून लोकांना वाटलं, दात दुखत असेल.

दुखणं दाताचं नव्हतं. एकोणीसशे सहासष्ट साल होतं ते. वॉशिंग्टनहून नवा कायदा आला आणि आदल्या उन्हाळ्यात आमच्या काळ्या माणसांची नावं मतदारयादीत चढली. आता पहिलीच निवडणूक. आमच्या राज्यात पक्ष म्हणजे एकच, डेमोक्रॅट. त्याचं चिन्ह कोंबडा. वर्षानुवर्षं त्या कोंबड्याच्या डोक्यावर शब्द छापलेले असायचे, 'गोऱ्यांचीच सत्ता'. म्हणून आमच्या लोकांनी आपला वेगळा पक्ष काढला आणि चिन्ह घेतलं ससाण्याचं. कोंबडं कोण उचलतं हे शेतावरच्या पोरालाही ठाऊक असतं.

पण कायदा मोठा बेरकी. कोंबड्याचा पक्ष ज्या दिवशी कोर्टात मतं घेऊन आपले उमेदवार ठरवणार, त्याच दिवशी नव्या पक्षानंही सभा भरवून आपले ठरवायचे. आणि माणसानं दोन्हींपैकी एकाच जागी मत द्यायचं. एकानं जरी दोन्हीकडे हात मारला, तर सबंध सभाच रद्द करवायला गोरे वकील टपलेले.

सभेत एमसची लेक उभी होती. शर्टाच्या कारखान्यात काजं शिवणारी वेल्मा. जागा होती जमिनीवरचा कर ठरवणाऱ्याची. समोर होशे रेनफ्रो, अंत्यविधीचं दुकान चालवणारा, गावातला सगळ्यात गुळगुळीत बूट घालणारा माणूस.

"जितेपणी मत घेणार आणि मेल्यावर माप घेणार!" ल्यूटी मे त्याच्याबद्दल म्हणायची. आताही तिनं बजावलं, "वेल्माला एकेक माणूस हवाय. दुपारी सभेला वेळेवर या. आणि त्या कोर्टाकडे फिरकू नका."

"नुसता बघून येतो, ल्यूटी."

"काय बघायचंय?"

"पुढचं दार."

ती पुन्हा चुलीकडे वळली. त्या दाराचं तिला ठाऊक होतं. एमसच्या बापाला त्याच इमारतीच्या मागच्या दाराशी दिवसभर तिष्ठत ठेवून संध्याकाळी हाकलून लावलं होतं. मतदारयादीत नाव नोंदवायला गेला होता बिचारा, हातात टोपी घेऊन. 

कोर्टाच्या पायऱ्यांवर रांग लागली होती. काळी-गोरी माणसं एकाच रांगेत, जरा अंतर राखून. मध्येच सीफस गँडी, एमसचा न्हावी आणि बालमित्र.

"अरे डीकन, तू? तुझी पोरगी तर ससाण्याकडून उभी आहे ना?"

"बघायला आलोय नुसता."

"हं! लग्नाच्या पंगतीत घुसलेला पाहुणाही असंच म्हणतो."

"तू कोंबड्याला मत देणार, सीफस? लाज नाही वाटत?"

"डेट्रॉइटला माझा भाऊ आहे. तिकडे हाच पक्ष त्याचा. त्याच्या युनियनचा, त्याच्या पेन्शनचा. तिकडे पंगतीला बसवणारा पक्ष इकडे आपल्याला ताटावरून उठवतो. नाव एक, घर एक. मग मी म्हणतो, घरातच शिरावं. अंगणात झोपडं बांधून वाडा आपला होत नसतो."

"माझा आजोबा लिंकनच्या पक्षाचा. रिपब्लिकन. गुलामीतून सुटल्यावर त्यानं मत दिलंय, चांगलं दोन-चारदा. घरात येशूच्या शेजारी लिंकनची तसबीर. मग इथल्या गोऱ्यांनी नवे नियम लिहिले, मत गेलं, आणि त्या पक्षानं वळूनही बघितलं नाही. बाप मरेस्तोवर वाट बघत होता."

"म्हणजे ती सोयरीक तुटलीच की! नवी करायची तर भरल्या घरात कर."

"त्या घराच्या दारावर, कोंबड्याच्या डोक्यावर, काय लिहिलं होतं, आठवतं ना?"

"यंदा पुसलंय ते."

"कागदावरून पुसलंय रे."

"सुरुवात कुठून तरी होणारच की, डीकन. आधी कागदावरून, मग मनातून. चल, पुढं हो, मागचे खोळंबलेत."

आणि एमस पुढं झाला. आता माघारी फिरावं, असं त्यानं प्रत्येक पायरीवर ठरवलं. पण रांगेत पाय आपले राहत नाहीत. दार आलं. थोरलं, पितळी कड्यांचं. आत पंख्याचा वारा होता आणि मेणानं पुसलेल्या लाकडाचा वास. एवढं आयुष्य गेलं, या खोलीला वास कसला असतो हे त्याला ठाऊक नव्हतं.

टेबलाशी चष्म्यातली एक गोरी बाई होती. तिच्या पाठीशी वॉशिंग्टनहून देखरेखीला आलेली दोन सुटातली माणसं हाताची घडी घालून उभी. बाईनं यादीवर बोट फिरवलं, मागं त्या माणसांकडे एक चोरटी नजर टाकली आणि म्हणाली, "मिस्टर टॉलिव्हर. इथं सही करा, मिस्टर टॉलिव्हर."

लहानपणी 'ए पोरा'. केस पिकल्यावर 'काका'. पण मिस्टर? गोऱ्या तोंडून हा शब्द आपल्या नावाला लागलेला त्यानं आजवर ऐकला नव्हता. धाकानं म्हणाली, हे त्याला कळत होतं. तरी कान सुखावले. त्यानं सही केली. बाईनं दिलेला कागद घेतला आणि तो पडद्याआड गेला.

बाहेर आला तेव्हा ऊन भक्क पडलं होतं. तो पायऱ्या उतरला, पिकअपशी आला, किल्ली काढली, आणि मग कुठं त्याला उमगलं की वेल्माला द्यायचं मत आपण इथंच देऊन बसलो. तीनदा तो गाडीत बसला आणि तीनदा उतरला. शेवटी सीफसनंच बाहेर येऊन विचारलं, "का रे, गाडी बिघडली?"

"नाही," एमस म्हणाला, "मीच बिघडलो."

सभा चर्चच्या मैदानात होती. भोवती खुंट ठोकून दोरी बांधली होती. आत मतदार, बाहेर बघे. दोरीच्या तोंडाशी यादी घेऊन क्वीन एस्थर बॅटल नावाची बाई बसली होती. चर्चमध्ये ती उशीर करणाऱ्यांना नुसत्या डोळ्यांनी भाजून काढायची.

"या डीकन! केव्हाची वाट बघतोय सगळे. वेल्माची मान दुखली तुम्हाला शोधून शोधून. व्हा आत."

विचारलंच नाही हो तिनं! डीकन टॉलिव्हरला काय विचारायचं? एक पाऊल टाकलं असतं की तो आत. तिकडून ल्यूटी मे हात हलवत होती. गाण्याचा ताल धरून लोक टाळ्या देत होते.

"बहिणी," एमस म्हणाला, "मला विचार."

"काय विचारू?"

"इतरांना विचारतेस तेच."

क्वीन एस्थरच्या हातातली पेन्सिल थांबली. "सकाळी तिकडं मत दिलंत?"

"दिलं."

तिनं यादीतल्या त्याच्या नावावर रेघ मारली. मग अगदी हळू म्हणाली, "मग दोरीच्या बाहेर उभे राहा, डीकन. देव तुमचं भलं करो."

ल्यूटी मे जवळ आली होती. तिनं सगळं ऐकलं. आता ती कडाडेल म्हणून एमस मान खाली घालून उभा राहिला. ती इतकंच म्हणाली, "तरी मी सांगत होते," आणि तोंडावर रुमाल धरून आत निघून गेली. ती कडाडली असती तर बरं झालं असतं.

मत देण्याची रीत साधी होती, कारण पुष्कळांना अक्षर येत नव्हतं. दोन्ही उमेदवारांनी चर्चच्या भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. कोण कुणाकडे गेलं ते त्यांना दिसता कामा नये. बाकीच्यांनी ज्याच्या त्याच्या पाठीशी रांग धरायची. पाद्री प्युरिफॉय खांद्याला हात लावत मोजणार.

रांगा धरल्या. रेनफ्रोमागं दुकानदार, मास्तर, आणि त्याच्याकडून उधारीत शवपेट्या नेलेले कितीतरी. वेल्मामागं शेतमजूर, धुणीवाल्या, तिच्या कारखान्यातल्या मुली. तिच्या रांगेचं शेपूट मैदानाच्या कडेपर्यंत आलं. शेवटची ल्यूटी मे. तिच्यामागं दोरी. आणि दोरीमागं, तीच ओळ धरून, कोटाची सगळी बटणं लावलेला एमस.

पाद्रीबाबा मोजत आले. आकडा गाण्यासारखाच घोळवायची त्यांना सवय. ल्यूटी मेच्या खांद्याला हात लागला. सवयीनं हात पुढं गेला, दोरीवर अधांतरी थांबला, आणि माघारी आला.

"इथवरच," ते म्हणाले. त्यांचा आवाज गाण्यातला नव्हता.

रेनफ्रो जिंकला. फरक इतका थोडा होता की दोन्ही बाजूंच्या लोकांना पुन्हा मोजावंसं वाटलं. वेल्मानंच हात वर करून नको म्हटलं. ती वळली, रेनफ्रोशी हात मिळवला, काहीतरी थट्टेचं बोलली, तोही हसला. मग माणसांतून वाट काढत ती दोरीपाशी आली.

"आईनं सांगितलं मला."

एमसनं मान हलवली.

"आत कसं होतं, बाबा?"

त्याला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. तो चाचरला. "पंखा आहे. मोठा. मला मिस्टर म्हणाली ती बाई."

"म्हणाली?"

"दोनदा. मग पडद्याआड गेलो, तर..." त्यानं कोटाचं वरचं बटण सोडलं. "कागदावरची सगळी नावं वाचली पोरी मी, वरपासून खालपर्यंत. तुझं नव्हतं."

वेल्मानं दोरीवर हात टेकला.  मैदानात खुर्च्या गोळा होत होत्या. दोरी सोडायचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि एमसला काही ती ओलांडवेना.

"चला," ती म्हणाली, "घरी जाऊ."

ती आतल्या बाजूनं चालू लागली, तो बाहेरच्या. दोरीच्या कडेकडेनं, एकमेकांच्या पावलाशी पाऊल जुळवत, खुंटामागून खुंट मागं टाकत बापलेक जात राहिली, दोरी संपेपर्यंत.

एवढीच गोष्ट. आज रात्री प्रार्थनेला गुडघे टेकाल तेव्हा आपल्या माणसांची नावं घ्यालच. त्यांच्या शेवटी एक नाव एमस टॉलिव्हरचंही घ्या. मिस्टर एमस टॉलिव्हर म्हणा.